एक सुशीला

हानोईत तिसऱ्या दिवशी आम्ही टूरमधून पळालो.
चौघी. वयं मिळून एकशे शहाण्णव.
हॉटेलात मॅनेजर माणशी पोळ्या मोजत होता
आणि बटाट्याची तीच भाजी,
जी बहुतेक आमच्याच विमानानं आली होती.

गल्लीच्या तोंडाशी निळी स्टुलं,
बालवाडीतून उचलून आणल्यासारखी बुटकी.
कांचन बसली आणि म्हणाली,
आता मला उठवायला क्रेन मागवा.

समोर एक म्हातारी.
पातेल्याच्या तोंडाला ताणून बांधलेलं पांढरं फडकं,
खालून वाफ.
पळीभर तांदळाचं पीठ ती गोल पसरवायची,
झाकण, दोन श्वास,
आणि बांबूच्या काडीनं, न फाटता,
उचलायची पलीकडचं दिसेल असं काहीतरी.

उज्ज्वला भररस्त्यात ओरडली,
अगं माय, ही तर सालपापडी!
वाळवायच्या आधीच खायलेत हे लोक!

आम्ही तरी दुसरं काय करायचो
चैत्रात, गच्चीवर,
आई पाठमोरी असताना,
जीभ भाजेस्तोवर.

रेहानानं फोन पुढं केला : यात डुक्कर आहे का?
फोननं नेमकं काय विचारलं कोण जाणे,
म्हातारी एवढी हसली की झाकण निसटलं हातातून.
मग खिम्याची वाटी तिनं लांब सरकवली,
काडी धुतली, फडकं बदललं,
आणि नुसती मशरूम घालून
चार गुंडाळ्या केल्या.
फडकं बदललं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.
मी व्हिडिओ काढत होते.
परतीच्या विमानात, व्हिडिओत दिसलं.

निघताना तिचं नाव विचारलं,
फोटोखाली लिहायला.
लिएन, ती म्हणाली.
कमळ, फोन म्हणाला.
चौघींनी म्हणून पाहिलं, चौघी चुकलो,
चौघींना तिनं दुरुस्त केलं
तांदळाचं पीठ घोटत घोटत.

*

परभणी. स्टेशन रोड. बँक सुटल्यावर.
एक सुशीला, मी म्हणाले.
वीस वर्षं हेच दोन शब्द.

ती मुरमुरे भिजवते, मुठीत पिळते,
फोडणीत मिरची पडते,
अख्खा रिक्षा स्टँड शिंकतो.
वरून डाळव्याचं कूट, कांदा.
माझ्या प्लेटीत शेंगदाणे जरा जास्त
आणि मिरच्या वेचून बाजूला,
ॲसिडिटीनं मी दवाखान्यात पडले होते त्या सालापासून.
हे हिला कुणी सांगितलं?
मीच सांगितलं असेल.
मला आठवत नाही, तिला आठवतं.

पर्समध्ये फोन. फोनमध्ये लिएन,
अडतीस लाइक.

मावशी, तुमचं नाव काय हो?

झाऱ्या थांबला.
कामून? उधारी लिवायलाव का?
नाही, म्हटलं, असंच.
असंच कुनी इचारत नसतंय बाई.
नगरपालिकेचा मानूस इचारतो,
नायतर डागदर.

तेवढ्यात मागून कॉलेजचा एक पोरगा :
ओ सुशीलाबाई, दोन पार्सल!
ती वळली. हो म्हणाली.
बांधून दिलं, चिल्लर मोजून घेतली,
कांदा जास्त मागितला त्यानं, तोही दिला.
कढईच्या कडेला चिकटलेले चार मुरमुरे
झाऱ्यानं खरवडत राहिली उगाच.

धुरपता, म्हणाली मग,
माझ्याकडं न बघता.
लई दिसानं घेतलं म्या माझंच नाव.

मी म्हणून पाहिलं. धुरपताबाई.
पहिल्याच वेळी बरोबर आलं.
जिभेला काहीच कष्ट पडले नाहीत,
आणि त्याचीच लाज वाटत
मी उभी, प्लेट हातात, चमचा तसाच.

खा की, ती म्हणाली,
गार व्हायलंय.